जिन्याजवळचा खांब

मुंबईला जुन्या चाळीच्या दुरुस्तीवर बाबा निघाले, त्या सकाळी मी वाचत बसले होते. "येतो गं, कमळ," ते म्हणाले. मी मान वर न करता नुसतं "हं" केलं. दोन महिन्यांनी तार आली: पाय घसरून गॅलरीतून पडले.

तेरावा उरकून त्यांची सुतारकीची हत्यारं आणायला मुंबईला निघाले. मुरुडच्या धक्क्यावर माझ्या मागे बोर्लीकडचे दोन सुतार बोलत बसले होते.

"चाळ झाली का रं पुरी, दादू?"

"झाली. आतले वासे सगळे नवे, पन गॅलरीचे खांब, कठडा जुनेच. कोरलेला सागवान, रावजी! मालक म्हनला, बदलायचं न्हाय, काढून परत बसवा."

"मग काढलेले खांब जागच्या जागी बसवलेत कसे?"

"आपन खांबावर आकडे घालतो. आमच्या टोळीतला म्हातारा सुतार घरच्यांची नावं घालायचा. लेकीनं लिवायला शिकवलं व्हतं म्हने. आवडा, गोदू... जिन्याजवळचा खांब कमळ."

"पाय घसरून पडला, तो ह्योच ना?"

"कसला घसरून! तो खांब काढताना सुटला, निघाला खाली. ह्यानं वाकून दोन्ही हातांनी धरला. मी वरडलो, सोड! तर म्हनतो, कमळ हाय रं, कशी सोडू?"

"आरं देवा! आनि खांब?"

"अंगावर घेऊन पडला. खांबाला ओरखडा न्हाय. बसवला जाग्यावर, नाव आतल्या बाजूला."

"बोट आली बघ. ओ बाई, चला!"

मी समुद्राकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "या, बाबा."