भिंतीवरची सावली

अथेन्सच्या न्यायालयाबाहेर साक्षीदारांची रांग लागली होती. आत खुनाचा खटला चालला होता आणि आरोपी होता म्हाताऱ्या स्मिक्रोसचा मुलगा. गुन्हा शाबीत झाला, तर विषाचा पेला ठरलेला. आत जायचा धीर होईना म्हणून स्मिक्रोस रांगेलगतच उभा राहिला. पुढचे दोघे त्याला ओळखत नव्हते.

“नॉसन, आता कच खाऊ नकोस. माझा सख्खा भाऊ गेलाय.”

“ठाऊक आहे, भाऊजी. पण मी माणूस पाहिलाच नाही. भट्टीच्या उजेडात भिंतीवर सावली पाहिली.”

“लंगडत होती ना? तो लंगडाच आहे!”

“खांद्यावर तेलाचा रांजण असला, की मीही तसाच चालतो.”

“मग त्या दिवशी छातीठोकपणे कसं सांगितलंस?”

“तेव्हा खात्री वाटली होती.”

“आणि आज?”

“आजही वाटतेय. पण साक्षीत लिहिलंय, ‘मला माहीत आहे.’”

“शब्दांचा कीस काढू नकोस, शहाण्या! बहिणीला तोंड कसं दाखवशील?”

स्मिक्रोस त्या दोघांच्या आणखी जवळ सरकला.

दारातून कारकुनानं पुकारा केला, “नॉसन! तुझी साक्ष वाचून झाली. ‘मला माहीत आहे’ म्हण, नाहीतर बाहेरच्या शपथेच्या दगडावर उभा राहून ‘मला माहीत नाही’ म्हण.”

“चल आत, नॉसन!”

“हात सोडा, भाऊजी.”

मग तो मागे वळला.

“आजोबा, जरा सरका. मला दगडाकडे जायचंय.”