दादाला रेटणारा माणूस

मला सांगा, आठ जणांनी डोक्याला डोकं लावून रग्बी खेळलेली चालत होती, मग कोविड वॉर्डात मला दादाचा हात का धरू दिला नाही? सगळ्यांना विचारलं.

सोमवारी खोकला लागला आणि शुक्रवारी दादा गेला! मैदानात त्याला कुणी हलवू शकायचं नाही.

इथे परदेशात, ब्लॅकटाउनजवळच्या स्मशानात, कोविडच्या नियमाने आत फक्त दहा जण. घरचे आणि गुरुजी धरून दहा झाले. त्याच्या टीमचे सात धिप्पाड गडी बाहेर पार्किंगमध्ये रडत उभे. त्यातला सिओने नावाचा गडी स्क्रममध्ये, म्हणजे आठ-आठ जणांच्या त्या रेटारेटीत, कायम दादाच्या मागे असायचा, खांद्याने त्याला पुढे रेटायचा.

पेटी भट्टीत ढकलायची वेळ आली. गुरुजी म्हणाले, "धाकटा भाऊ, पुढे ये."

मी तडक बाहेर गेलो.

"सिओने, माझ्या जागी आत जा. पेटी तू ढकल."

"मित्रा, भाऊ तू आहेस!"

हातातल्या फोनवर पुण्याहून आई ओरडली, "अरे, परक्याला सांगतोस?"

"आई, नऊ सीझन दादाला यानेच रेटलंय. शेवटचंही यालाच रेटू दे."

सिओने आत गेला. मी त्याच्या जागी, उरलेल्या सहा जणांत उभा राहिलो.