छपराखालची खुर्ची

—बसा हो, बसा. उन्हातून उठून सावलीला आलात, त्यात काय चोरी केलीत? ही खुर्ची ज्याची आहे तो अजून आलेला नाही, आणि मला विचाराल तर यायचाही नाही. असेल कुणी बँकवाला. छपराखालच्या खुर्च्या असल्याच लोकांच्या — कॉलेजच्या संघाच्या पाठीराखे मंडळाला घसघशीत देणगी द्यायची, खुर्ची अडवून ठेवायची, आणि सामन्याच्या दिवशी आपण जायचं गोल्फ खेळायला. आलाच तर उठाल, हाय काय नि नाय काय. तू म्हटलं तर चालेल ना? माझा धाकटासुद्धा तुझ्यापेक्षा मोठा आहे. आणि एक सांगू? राग नको मानूस — हा शर्ट. बगळ्यांच्या फुटबॉल मैदानात किरमिजी शर्ट? आणि तोही आज, समोर कोल्ह्यांचा संघ असताना? किरमिजी म्हणजे कोल्हे रे बाबा, इथलं पाळण्यातलं पोरही सांगेल. बायकोने आणला? बायको कुठली? — नदीपलीकडची, कोल्ह्यांच्या गावची. मग बरोबर. घरात शांतता हवी असेल तर घाल बापडा, पण चेंडू पुढे न्यायचा त्यांचा तिसरा प्रयत्न आला की उभा राहून ओरडायचं मात्र आमच्या बाजूने. ओरडायचं म्हणजे कसं, की त्यांचा कप्तान काय सांगतोय ते त्यांच्याच पोरांना ऐकू येता कामा नये. इथे वर कुणी ओरडत नाही म्हणा. इथे टाळ्या वाजवतात, त्याही दोन बोटांनी.

सभासद झालास ना मंडळाचा? झालास! मग मगाशी सांगायचं नाही का? सगळ्यात खालच्या पायरीचा — अरे, लाजतोस काय, सगळे तिथूनच सुरू करतात. टोपी मिळाली? आणि गाडीला चिकटवायचा बगळा? झालं तर मग, अडकलास. आता दर वर्षी वसंतात मंडळाकडून फोन येणार, यंदा जरा वरच्या पायरीवर येताय का म्हणून. देणगी वाढली की पॉइंट वाढतात, पॉइंट वाढले की खुर्ची निवडायचा नंबर वर येतो, आणि देणगी थांबली की — खुर्ची गेली. मग तुझा आजा तिथे बसायचा की पणजा, कुणी विचारत नाही. आमचा रे म्हणायचा — माझा नवरा, रे, बारा वर्षं झाली त्याला जाऊन — म्हणायचा, ओलेटा, एवढ्या पैशांत आपलं स्वयंपाकघर दोनदा नवीन झालं असतं. झालं असतं ना, पण स्वयंपाकघरासाठी उभं राहून ओरडता येतं का? आणि ते पैसे काय वाऱ्यावर जातात? तो बेचाळीस नंबरचा पोरगा बघ, तो, आत्ता तोंडावर पडला तो. शेतमजुराचा मुलगा आहे, त्याचं कॉलेजचं शिक्षण, जेवण, पुस्तकं सगळं मंडळावर. त्याच्या पायातला डावा बूट माझा. हो, मी तसंच ठरवलंय. उजवा पिक्रेलचा. पोरगा पळायला लागला की मी म्हणायचे, बघा, डावा कसा पुढे आहे, आणि पडला की पिक्रेल म्हणायचा, लुकरबाई, हा तुमचाच बूट अडकला.

पिक्रेल कोण? हां. काही नाही. खाली माझी जुनी जागा होती ना, तिथला शेजारी. — अरे, ओरड, ओरड! चाव्या काढ, चाव्या वाजव! चेंडूला लाथ बसायच्या वेळी चाव्या वाजवायच्या असतात, हे तरी सांगितलं का कुणी? नाही सांगितलं. टोपी देतात आणि मोकळे होतात.

पक्षी बघायला नाही रे आणलेली दुर्बीण. म्हणजे, पक्षीच म्हण. एक म्हातारा बगळा आहे खाली, बावीसच्या रांगेत, तो आला की नाही बघतेय. नाही आला. सव्वीस वर्षं मी त्या बावीसच्या रांगेत बसले, लोखंडी बाकावर, सप्टेंबरात पोळायचं आणि नोव्हेंबरात गोठायचं, आणि उजव्या हाताला, रेच्या पलीकडे, एल्डन पिक्रेल. पाऊस असो, बर्फ असो, तो थर्मासमधून मिरचीचा खिमा-राजमा आणणार आणि मी घरचे दालचिनीचे रोल. असल्या उन्हातसुद्धा. रोल त्या रश्श्यात बुडवून खायचा — तोंड काय वेंगाडतोस, खाऊन तर बघ आधी. वर्षाला सात सामने असतात घरच्या मैदानावर, तेव्हा वर्षाला सात वेळा आमची भेट. बाहेर कधी नाही. तो राहतो तळ्याकाठी, चाळीस मैल पलीकडे. फोन नंबर? माझ्याकडे नाही. त्याच्याकडे माझा कुठून असणार? हसू नकोस. आमच्याकडे हे असंच असतं. बाकावरचा शेजारी बाकावरच. त्याची बायको वारली ते मला कळलं तीन महिन्यांनी, मोसमातला पहिला सामना सुरू झाल्यावर, आणि रे गेला तेव्हा मी याला कसं कळवणार होते? पहिल्या सामन्याला आला, रेची रिकामी जागा बघितली, आपली उशी उचलून एक जागा इकडे सरकला. बस. एवढंच. मंडळाकडून ती जागा स्वतःच्या नावावर करून घेतली आणि सरकला.

माझा खुबा बदलला फेब्रुवारीत. पोरी म्हणाल्या, आई, आता त्या पायऱ्या नाहीत, बाक नाही, जन्मभराचे पॉइंट साठलेत ते काय वर घेऊन जाणार आहेस? वर इथे लिफ्ट आहे, पाठ टेकायला आहे, डोक्यावर छप्पर आहे. तेव्हा मग एप्रिलमध्ये निवडली ही खुर्ची. मंडळाच्या ऑफिसात टॅमरा आहे, माझ्या चुलत बहिणीची सून, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तिला निक्षून सांगितलं, गाजावाजा नको. पिक्रेलला सांगितलं का? कसं सांगणार? म्हटलं ना नंबर नाही. आणि असता तरी — तुला सांगते, हा माणूस सव्वीस वर्षं या छपराकडे बोट दाखवून एकच वाक्य म्हणत आलाय. "लुकरबाई, छपराखाली कोंबड्या बसतात." आता मी त्याला काय सांगू, की यंदा मीही कोंबडी झाले? तो वर येणाऱ्यातला नाहीच. इथे यायचं तर देणगी केवढी वाढवायला लागते, आणि त्याचा सगळा जीव त्याच्या बोटीत. मासेमारीची बोट आहे, निळी, तिचं नाव काढलं की सामना विसरतो. बायकोपेक्षा बोटीचे फोटो जास्त दाखवले त्याने मला. चाव्यांनासुद्धा बोटीचंच ते केशरी बोंड लावलेलं, पाण्यात पडल्या तर तरंगाव्यात म्हणून. चाव्या वाजवायला लागला की ते बोंड माझ्या कानाशी नाचायचं. कितीदा म्हटलं, पिक्रेल, माझा डोळा फुटेल. — इथून बघितलं तर ते बोंड दिसायला हवं. म्हणून ही दुर्बीण. दुसरं काही नाही.

मोसमातला पहिलाच सामना, सुरू होऊन एवढा वेळ झाला आणि त्याची जागा रिकामी. हा माणूस कधी उशिरा येत नाही रे. ऐंशीला टेकलाय, एकटा राहतो, बोटीतून एकटा जातो. कुणाला विचारायचं? कोण सांगणार मला? मी कोण त्याची?

नाही, त्या डब्याला हात नको. दोन रोल आहेत, हो, सवयीने दोन आणले गेले. दुसरा तसाच राहू दे.

अगं बाई! आला! तो बघ — घे, घे दुर्बीण — नाही, आण इकडे, तुला काय कळणार. आला गं बाई. जिवंत आहे मेला! अंगात काय घातलंय हे? इस्त्रीचा शर्ट? मानेवरचे केस कापलेत. म्हणजे हजामत करून आला? आज? कुणाच्या मयताला जाऊन आला की काय! बसला, आपल्या जागेवर बसला. माझ्या जागेकडे बघतोय. बघ की, चांगला बघ. आता मान खाजवतोय. आता उगाच उशी झटकतोय. एवढा उंच माणूस, बाकावर एकटा बसला की किती बारका दिसतो. हातात थर्मास आहे. आणलाच! एवढ्या उन्हात आणलाच! कुणाला देणार आता ते, सांग, शेजारी कुणी — बरं, ते जाऊ दे.

हे कोण आता? ती तीन पोरं आणि आई-बाप. पिक्रेलला काय सांगतायत? तिकिटं दाखवतायत त्याला. उठवतायत? ए! त्याची जागा आहे ती! सव्वीस वर्षं त्या रांगेत — उठला. टोपी काढली, त्या बाईला जागा करून दिली, आणि उभा राहिला वाटेत. खिशातून तिकीट काढून हात लांब करून वाचतोय. चष्मा विसरला. आता निघाला. पायऱ्यांवरून निघाला, मध्यंतरही व्हायच्या आत. हा माणूस हरलेला सामना सोडून कधी गेला नाही, गारा पडल्या तेव्हा उशी डोक्यावर धरून बसला होता, आणि आज —

मी सांगते तुला काय झालं. देणगी थांबली त्याची. त्याला भरता आली नसेल यंदा, म्हातारपणाची औषधं, तळ्याकाठचं घर, आणि मंडळाने दिली जागा दुसऱ्याला. नियम तो नियम! आणि हा आला बिचारा, पायांना सवय, इस्त्री करून आला आणि पोराबाळांच्या देखत उठवला गेला. टॅमराला मी सोमवारी बघतेच. असं करायचं असतं का? मला सांगायचं होतं एकदा. मी भरली असती त्याची. गुपचूप भरली असती, त्याला पत्ता लागू दिला नसता. माझी ही मऊ खुर्ची काय जाळायची आहे? मला कुठे वर यायचं होतं? दुखला असता खुबा तर दुखला असता, तिथे निदान — अरे, काय बघतोस माझ्याकडे? डोळ्यांत ऊन गेलं. छपराखाली ऊन नसतं ते मलाही माहितीये.

मध्यंतर झालं वाटतं. बँड आला. हे घे. घे रे, तो रोल घे, आता कुणासाठी ठेवायचा. दालचिनी जरा जास्त पडलीय, त्याला तशीच आवडते. खा. तू नवीन आहेस म्हणून सांगते — ही देणगी कशासाठी देतो रे आपण? पोरांच्या बुटांसाठी, म्हणायला. ती पोरं चार वर्षांत निघून जातात, कोल्ह्यांकडून दर साली मार खातो, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हाताऱ्या बायका एप्रिल आला की का भरतात? मी सांगू? त्या बाकावर बसायला मिळावं म्हणून. नुसतं — कुणाच्या तरी शेजारी ओरडायला मिळावं म्हणून. तेवढं एक कळायला मला वर येऊन बसावं लागलं.

कोण धापा टाकतंय हे? तो बघ, जिन्यातून कोण — लिफ्ट आहे म्हणावं, लिफ्ट आहे, गुडघे फोडून जिने कशाला —

पिक्रेल?

तुम्ही इकडे कुठे? कोंबड्यांच्या खुराड्यात काय काम तुमचं? उभे नका राहू, धरा, ती दांडी धरा, श्वास घ्या आधी. तिकीट कसलं दाखवताय मला? आणा इकडे, हात लांब करून वाचता येणार आहे का ते. चौदा. पिक्रेल, माझी तेरा आहे. चौदा म्हणजे — ही. ही चौदा. टॅमराने सांगितलं ना? तरी मी तिला निक्षून — बरं झालं. एप्रिलपासून माहीत होतं तुम्हाला? आणि आज खाली जाऊन बसलात! पायच तिकडे गेले? जाणारच. माझेही गेले होते सकाळी, गेटापर्यंत.

चाव्या बघू. अहो, नुसत्या वाजवू नका, दाखवा. केशरी बोंड कुठाय?

पिक्रेल. बोट कुठाय? विकलीत?

…

अरे, तू अजून बसलायस का बाळा? ऊठ, ऊठ, खुर्चीचा मालक आलाय. आणि तो रोल — अर्धा खाल्लास? राहू दे, ठेव तिथेच, अर्धा पुरतो त्यांना. जा आता खाली. उन्हात बस, त्या शर्टाचा रंग तरी विटेल.