यमुनाबाईंचा नमुना आणि आमच्या मॅडम

सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मॅडमच्या आई समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून मला बोलता येणार नाही. म्हणून खाली बघून बोलतो. माफ करा.

मी दिलीप. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. डॉ. संजीवनी पगारे मॅडमच्या हाताखाली अकरा वर्षं काम केलं. गेल्या मंगळवारी सकाळी मॅडम घरी चहा करता करता कोसळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही, ते सांगायला मी उभा राहिलोय.

पेठ तालुक्याकडच्या डोंगरात मुलींची एक आश्रमशाळा आहे. गेल्या वर्षी तिथल्या मुलींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. नमुने आमच्याकडे आले. मुलींच्या नमुन्यांत साल्मोनेला हा जंतू निघाला. मग स्वयंपाक करणाऱ्या यमुनाबाईंचा नमुना तपासला. त्यातही साल्मोनेला. त्यांना स्वतःला काही त्रास नव्हता. काही माणसं हा जंतू पोटात घेऊन हिंडतात, त्यांना पत्ताही नसतो.

सगळ्यांना वाटलं, सापडलं. मॅडमना नाही वाटलं.

मला म्हणाल्या, "दिलीप, आडनाव सारखं म्हणून घर एकच असतं का? प्लाझ्मिड बघू. तोवर बाहेर एक शब्द जाता कामा नये."

तुम्हाला साधं सांगतो. जंतूजवळ त्याच्या मुख्य डीएनएशिवाय डीएनएची छोटी सुटी कडी असतात. तीच प्लाझ्मिड. ती वेगळी काढायची, जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या एका थरात घालायची, वीज सोडायची. लहान कडं पुढे पळतं, मोठं मागे राहतं. मग खास दिव्याखाली रेषा दिसतात. एकाच ठिकाणाहून पसरलेल्या जंतूंच्या रेषा बहुतेक वेळा सारख्या येतात. मोठ्या शहरांत आता जंतूचा अख्खा डीएनए वाचतात. आमच्याकडे जेलच होतं. आणि जंतू एखादं प्लाझ्मिड गमावूही शकतो, म्हणून मॅडमनी ते तीनदा केलं. तीनदा.

सगळ्या मुलींच्या रेषा सारख्या. यमुनाबाईंच्या वेगळ्या. आणि शाळेच्या विहिरीच्या पाण्यातून जो जंतू वाढवला, त्याच्या रेषा थेट मुलींसारख्या. विहिरीला लागूनच संडासाचा शोषखड्डा होता.

पण हे सगळं व्हायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काय झालं?

यमुनाबाईंना कामावरून काढलं. पाड्यावर त्यांच्या हातचं पाणी कुणी घेईना. आणि बाई गेली म्हणजे रोग गेला, असं समजून विहिरीचं पाणी चालूच राहिलं. सातव्या दिवशी सहावीतली एक मुलगी गेली.

कारण यमुनाबाईंचा निकाल आला त्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेतून शाळेत फोन गेला होता. "स्वयंपाकीणबाई पॉझिटिव्ह आहे. तिच्यामुळेच झालंय."

तो फोन मी केला होता.

मला वाटलं, लवकर कळवतोय. चांगलं करतोय.

त्या फोनची चौकशी लागली. मॅडमनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "तू केलास?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "तुझी मुलं लहान आहेत ना अजून?" एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं की ती तोंडी माहिती त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून गेली. त्यांची बढती थांबली. चौकशी अजून संपलेली नाही. आणि मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा राहिलो. रोज गप्प राहिलो.

नंतर मॅडम मला घेऊन पाड्यावर गेल्या. माणसं गोळा केली, जेलचा फोटो दाखवला. यमुनाबाईंनी विचारलं, "बाई, म्हंजे मी इख नाय ना घातलं पोरींना?"

"नाही. या तुमच्या रेषा. या विहिरीच्या. पोरींच्या रेषा विहिरीसारख्या आहेत."

यमुनाबाईंनी फोटोवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग ती पोर का मेली?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी शेजारीच होतो. मला उत्तर माहीत होतं.

यमुनाबाई आज आल्या आहेत. मागे भिंतीपाशी बसल्यात. शाळेने त्यांना अजून परत घेतलेलं नाही. यमुनाबाई, तो फोन मी केला होता. मॅडमनी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

आई, उद्या सकाळी मी हे सगळं लेखी देणार आहे. तुमच्या मुलीच्या नावावरचा ठपका निघेल. पण त्याने काय होणार? मॅडम जिना चढताना मधेच थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या. मी बघत होतो. एकदाही विचारलं नाही, मॅडम, बरं वाटत नाही का? कुठल्या तोंडाने विचारणार होतो? अकरा वर्षं ज्यांनी मला शिकवलं, त्यांची क्षमासुद्धा मला वेळेवर मागता आली नाही. आता ती कोणाकडे मागू?

आपण उभे राहू या. मॅडमसाठी, आणि त्या सहावीतल्या मुलीसाठी. तिचं नाव मंजुळा होतं. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.