डबा जुना, आतलं नवं

मी मूळची मुरबे गावची. बाप होडीवर, आय बोंबील सुकवून विकायची, आन् आमच्या घरात मासळीला हात न लावता कमावणारी मी पयलीच, पण त्याचं आयला कवतिक नाय, पोरीचे हात मऊ झाले म्हणायची. पालघरला टायपिंग शिकले, बोईसरला एका कंपनीच्या हापिसात लागले, मंग लग्न होऊन उमरोळीला आले. नवरा कापडाच्या कंपनीत पाळीवर. हापिसानं त्यांचा जुना कंप्युटर काढला तो मी भंगाराच्या भावात मागून घेतला, सासू म्हणाली हा डबा घरात कशाला. थोरली पोरगी झाली, नोकरी सुटली, पण काम नाय सुटलं. शाळांचे पेपर, लग्नाच्या पत्रिका, कंपन्यांची पत्रं, सगळं घरी बसून टाइप करायची आन् फ्लॉपीवर घालून बोईसरच्या प्रेसला द्यायची.

पण काय सांगू ताई तुमाला, मशीन इतकं मंद, मराठी अक्षरं उघडली की अडकायचंच. पोरीला मांडीवर घेऊन पडद्याकडं बघत बसायची, आता हलेल, मंग हलेल. प्रेसवाला बोलायला लागला, बाई, उद्या पत्रिका पायजे म्हणजे उद्याच पायजे.

बोईसरला यादवजी म्हणून दुरुस्तीवाले होते, त्यांनी डबा उघडला. म्हणाले भाभीजी, सब कुछ मत बदलो. डबा चालेल, कीबोर्ड चालेल, काळा-पांढरा मॉनिटर पण चालेल, बदला फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आन् मेमरी, बाकी सगळा दिखावा. आमचा दीर, विलास, तेव्हा पालघरला कंप्युटरचा कोर्स करत होता, तो म्हणाला वहिनी, घ्यायचा तर नावाचा प्रोसेसर घे, लोकं पयलं तेच विचारतात, मेमरी काय, थोडी पण चालते. मला काय कळत होतं खरं सांगा. म्हणून मी माझी फ्लॉपी घेऊन गेले आन् यादवजींच्या दुकानात दोन मशीनांवर माझीच पत्रिका उघडून बघितली. मोठ्या नावाच्या प्रोसेसरवर मेमरी थोडी, तिथं गणपतीचं चित्र आलं की अडकलं. दुसऱ्यात कमी नावाचा, स्वस्तातला प्रोसेसर, पण मेमरी दुप्पट, तिथं चटकन उघडली. मी दुसरं घेतलं, माझ्या टायपिंगच्या पैशानं घेतलं. मदरबोर्ड तेवढा बरा घेतला, पुढं मोठा प्रोसेसर बसला पायजे म्हणून.

तुमी बघायला पायजे होतं ते मशीन. बायरून तोच पिवळा पडलेला डबा आन् आत वाऱ्याचा वेग. कामं वाढली, पामवरून, सातपाटीवरून, आजूबाजूच्या गावांतून माणसं पत्ता विचारत यायची, टायपिंगवाली बाई कुठं राहाते. ते दिवस माझे होते.

मंग विलासला मुलगी बघितली. मुलीकडचे घरी आले, मुलगा काय करतो म्हणाले, सासू म्हणाली कंप्युटरचं काम करतो, हे काय, त्याचंच मशीन. मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी. नवऱ्याकडं बघितलं, तो पोहे खात होता.

लग्न ठरलं आन् बोईसरला रस्त्यावर गाळा घेतला, पाटी विलासच्या नावाची. मशीन टेम्पोत चढवताना नवरा म्हणाला, "तुला काय फरक पडतो, घरातल्या घरातच हाय."

मी म्हटलं, "मंग मी पण घरातलीच हाय, मी तिथं येऊन बसते."

सासू म्हणाली, नवी सून यायची घरात, तिची जाऊ रस्त्यावर दुकानात बसली तर लोकं काय म्हणतील. आन् टेम्पो गेला. टेबल तेवढं राहिलं, त्याच्यावर आमी गव्हाचा डबा ठेवला.

प्रेसवाला पण तिकडं गेला. जातीलच ना, माणसाला पत्रिका पायजे, ती कोणी टाइप केली याच्याशी काय. त्याच मशीनवर विलास पोरांना शिकवायचा, आन् मदरबोर्डात पुढं मोठा प्रोसेसर घातला, तो बसला, बसणारच होता. मला सांगायला आला, वहिनी, बघ मी म्हणत होतो ना, नावाचाच घ्यायला पायजे होता. मी भाकऱ्या थापत होते, थापत राहिले.

आता मी पालघरला एका झेरॉक्सवाल्याकडं टायपिंगला जाते. मशीन त्याचं, खुर्ची त्याची, संध्याकाळी त्याचा मुलगा वीज बंद करतो आन् आपण उठायचं. धाकट्या पोरीला बरोबर नेते कधी. नवरा काय म्हणत नाय, पगार घरात येतो तर काय म्हणेल.

दसऱ्याला विलास दुकानात पूजा करतो, आमाला बोलावतो, मशीनांना झेंडूची माळ. जाऊ माझ्या पाया पडते, चांगली हाय बिचारी, तिला यातलं काय ठाऊक पण नाय. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते, सुखी राहा म्हणते, तिच्यासाठी मनापासून. विलास पण वाकतो. त्याला पण म्हणते, भरभराट होवो. ताई, तोंडानं म्हणते खरं. आतून येत नाय, आन् आता येईल असं पण वाटत नाय.