समधिनीच्या घरून उपाशी गेलेला माणूस

मी, सौ. रुक्मा गुलाबचंद रहांगडाले, वय ५२ वर्षे, धंदा शेती, रा. गोरेगाव, जि. गोंदिया, आज चौकीत समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती हरवल्याची तक्रार मीच आज सकाळी इथे दिली होती. ते सापडले आहेत. बाहेर बाकावर बसले आहेत.

माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, लिव्हर खराब होऊन, पोट फुगून वारले. यंदा माझ्या पतींच्या रक्ताचा रिपोर्टही बरोबर आला नाही. डॉक्टर म्हणाले, सुई टोचायची नाही, फासळ्यांवर मशीन ठेवून लिव्हर तपासू, पण उपाशीपोटी या. ती मशीन नागपूरहून गोंदियाच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येते.

आम्ही आदल्या दिवशी गोंदियाजवळ कुडव्याला मुलगी रविताच्या सासरी मुक्कामाला येतो, ह्या वेळीही कालच आलो. आमच्यात समधी, म्हणजे व्याही, उपाशी घराबाहेर पडला तर घरच्यांची मान खाली जाते. रविताच्या सासूने, समधीन शामकलाबाईंनी, मागच्या दोन्ही वेळा सकाळी सुवाऱ्या (पुऱ्या) तळून ताट पुढे केले. "एका सुवारीनं का लिव्हर भरते, भाऊ?" म्हणाल्या. ह्या बाबाच्या तोंडून समधिनीपुढे 'नाही' निघत नाही. दोन्ही वेळा तपासणी हुकली.

काल रात्री जेवताना ते म्हणाले, "खराब निघालं त मी वापस नाही येत." आज उठून पाहते तो अंथरूण रिकामे. चप्पल नव्हती, मोबाईल चार्जिंगलाच होता. मी परसातल्या विहिरीत वाकून पाहिले. मग चौकीत आले.

दुपारी ते हातात दवाखान्याचा कागद घेऊन, घरी कळल्यावर इथेच आले. मी विचारले, "काऊन गेले न सांगता?" म्हणाले, "चूल पेटायच्या आधीच निघालो. तुले सांगतलं असतं त समधिनीनं विचारल्यावर तुले खोटं बोलता आलं असतं का?" नसते आले, हे खरे आहे. तरी मी त्यांना चौकीतच भरपूर बोलले. साहेबांनी पाणी दिले.

दवाखान्यात उताणे निजवले, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावला, फासळ्यांवर थंडगार मलम लावून मशीनने टिचक्या मारल्यासारखे ठकठक केले, असे ते सांगतात. दुखले नाही. लिव्हर नरम, म्हणजे चांगले आहे, थोडी चरबी आहे, तळलेले कमी करा, एवढेच डॉक्टर म्हणाले. देव पावला. मला फार बरे वाटले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. शामकलाबाई डबा घेऊन चौकीच्या दारात उभ्या आहेत. डब्यात सुवाऱ्याच आहेत. तळलेल्याचे मी त्यांना उद्या सांगेन. आज त्यांच्या हातचे खाऊ द्या, माणूस काल रात्रीपासून उपाशी आहे.

हा जबाब साहेबांनी मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरला आहे. फक्त विहिरीचे लिहिले आहे, ते ह्यांना वाचून दाखवू नये.

सही/-
रुक्मा गुलाबचंद रहांगडाले