कंस उघडा राहिला तर

तुमी सगळे ऊसतोडीला गेलतात ना, त्या दुष्काळात मी दिंद्रुडला घरी एकटाच होतो. घरी बसून एका दूध संस्थेसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहीत होतो. त्यात सभासदाचं नाव शोधायला रेजेक्स टाकावं लागतं, म्हणजे अक्षरांचा नमुना. त्या नमुन्यात एक कंस उघडा राहिला, की सगळा प्रोग्राम बंद पडायचा. लई दिवस डोकं लावलं. शेवटी असं केलं, की शोधायच्या आधी नमुनाच तपासायचा, आणि चुकीचा असला तर तसं नीट सांगायचं. एकदाचं जमलं. पण सांगू कुणाला? गल्लीत दारादाराला कुलपं.

दुपारी पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर विहिरीत पाईप सोडून उभा होता. त्याची माझी ओळख न्हाई, तरी त्यालाच सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही टोकलं न्हाई.

"समजलं का?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "पण उद्या बी सांगा भाऊ. माझ्याशी समदे निस्तं पाण्याचंच बोलतात."